शनिवारचा घाणा

पेणकर, रोहेकर ही आडनावं बेने इस्रायली घरांतही आहेत. कोकणातले हे ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. नाव ठेवलं खरं, पण त्या दिवशी घाणा जुंपाच, अशी सक्ती कुणी केल्याचं ऐकिवात नाही. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं होणाऱ्या मलिद्याच्या विधीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची. प्रार्थना हिब्रूत, घरातलं बोलणं मराठीत. 2016 साली राज्यानं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर बहुतेक घरं इस्रायलला गेली होती.

या सहिष्णुतेच्या वारशाचं आपण हौसेनं कौतुक करतो. पण दुसऱ्या समाजाला त्याचा देव पुजू देणं त्या मानानं सोपं. आपल्याच भावकीतल्या कुणी गावकीचं ऐकलं नाही, की याच रायगडात कुटुंबं वाळीत पडली आहेत. संविधानाचं 25वं कलम सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं ते व्यक्तीला, गावकीला नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदाही 2016चाच. शिक्षा 3 वर्षांपर्यंत. मात्र तक्रार नोंदवून आलेल्याला राहायचं असतं त्याच आळीत, हे कायदा करणाऱ्यांनी किती ध्यानात घेतलं कोण जाणे.