सायकल अ‍ॅपचं आव्हान आणि घरचा रविवार
स्ट्राव्हा अ‍ॅपवर दर महिन्याला 'ग्रॅन फोंडो' आव्हान असते : एकाच फेरीत १०० किमी. ताशी २० किमी धरले तरी पाच तास, म्हणजे घरच्यांची अख्खी रविवार सकाळ गेली!

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली सुमारे ४,८०० किमीची 'रॅम' शर्यत एकट्याने सायकल चालवून पूर्ण केली. पण सोबत मदतीचा चमू होता. आपल्यामागे डबा, भाजी, लेकरांचा अभ्यास असतो.

म्हणून माझं मत : महिन्याच्या एकूण अंतराचं आव्हान निवडा. शाळेत किंवा हिंगणा एमआयडीसीत जाऊन-येऊन रोज १२ किमी झाले, तरी २५ दिवसांत ३०० होतात. रविवारी झिलपी तलावाकडे लेकरांच्या वेगाने फिरून या. हुकलेला बॅज पुढच्या महिन्यात मिळेल. लेकरांचं लहानपण थांबणार नाही.