विषय बदलला, तरी प्रश्न तोच

डॉक्टरने डॉक्टरीखेरीज दुसरे काही शिकावयास घेतले की आपल्या समाजात भुवया उंचावतात. शल्यविशारदाने हृदयशस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण घेतले तर आपण पेढे वाटतो. परंतु आठ-दहा वर्षे ग्रामीण भागात काढलेल्या एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ‘मला संघटनात्मक मानसशास्त्रात एम. ए. करायचे आहे’ असे म्हटले, तर ‘मग एमबीबीएस कशाला केलेस?’ हा प्रश्न ठरलेला असतो. शासनाचा पैसा वाया गेला, एक जागा अडली, घरच्यांचे कष्ट मातीमोल झाले, अशी आरोपपत्रेही पाठोपाठ येतात. जोयडा तालुक्यासारख्या भागात तर हा प्रश्न अधिकच बोचरा होतो. कारण येथून एक डॉक्टर उठून गेला तर अनेक वाड्यांचा आधार जातो. म्हणूनच या विषयावर भावनेच्या आहारी न जाता विचार व्हावा, असे मला वाटते.

प्रथम या शास्त्राविषयी थोडेसे. माणसे एकत्र येऊन काम करतात तेव्हा ती थकतात का, गप्प का बसतात, एकमेकांवर विश्वास कशाने ठेवतात, चुका का लपवितात, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे संघटनात्मक मानसशास्त्र. ही कारखानदारांची विद्या आहे असा समज आहे. पण तिचे मूळ वैद्यकापासून फार दूर नाही. या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी 1885 मध्ये मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली व 1887 मध्ये वैद्यकातील. इंग्लंडमध्ये 1921 साली औद्योगिक मानसशास्त्राची राष्ट्रीय संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेणारे चार्ल्स मायर्स हे वैद्यकाचे पदवीधर होते. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या मानसिक आघातांवर त्यांनी 1915 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेला लेख आजही उल्लेखिला जातो. आपल्याकडचे उदाहरण डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचे. 1910 मध्ये ते एम. बी. झाले, कलकत्त्यात त्यांचा व्यवसाय सुरू झाला. आणि तरीही विद्यापीठाच्या नव्या मानसशास्त्र विभागात विद्यार्थी म्हणून बसून 1917 मध्ये त्यांनी एम. एस्सी. व 1921 मध्ये डी. एस्सी. केले. पुढे ते त्याच विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या या निर्णयाला वैद्यकाचे नुकसान म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. सुपा धरणाने जुने सुपा गाव पाण्याखाली घेतले, लोक रामनगरसारख्या ठिकाणी वसले. उरलेली वस्ती जंगलात विखुरलेली. अशा एखाद्या कुणबी वाडीवर कमी वजनाचे बाळ जन्मते. चौथ्या दिवशी ते दूध ओढत नाही, अंग गार पडते. या बाळासाठी काय करावयाचे हे वैद्यकाला पुरेपूर ठाऊक आहे: ऊब, दूध, प्रतिजैविक, वेळेवर हलविणे. परंतु ते बाळ आपल्या टेबलावर येईपर्यंत किती हातांतून जाते, याचा विचार करावा. आशा कार्यकर्तीने धोक्याचे लक्षण ओळखले पाहिजे; मोबाइलला रेंज नसताना परिचारिकेपर्यंत निरोप गेला पाहिजे; गाडी आली पाहिजे; प्राथमिक आरोग्य केंद्रातून दांडेली, कारवार वा धारवाडच्या रुग्णालयाला आधी कळविले गेले पाहिजे. त्यात घरची भाषा कोकणी, बाजारची मराठी, दप्तराची कन्नड. बालरोगतज्ज्ञ या नात्याने अशा बाळांची हकिगत मागे मागे विचारीत गेलो, की बहुधा एकच गोष्ट पुढे येते. कोणाला तरी शंका आली होती. पण ‘उगाच पाठविले म्हणून साहेब रागावतील’ या भीतीने ती व्यक्ती एक रात्र थांबली. त्या एका रात्रीवर औषधशास्त्राच्या पुस्तकात उपाय नाही.

तो उपाय शोधणारे शास्त्र मात्र आहे. एमी एडमंडसन या मूळच्या अभियंता. पुढे त्यांनी मानसशास्त्र व संघटनवर्तन यांचे उच्चशिक्षण घेतले. रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास करताना उत्तम गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलट निघाले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. उलगडा असा, की तेथील परिचारिका चुका उघडपणे सांगत होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून ‘मानसिक सुरक्षितता’ या संकल्पनेवरील त्यांचे पुढील काम उभे राहिले. ‘आमच्याकडे चुका होतच नाहीत’ असे अभिमानाने सांगणाऱ्या आपणा सर्वांना हे निरीक्षण विचार करावयास लावणारे आहे.

क्षेत्र बदलूनही प्रश्न न सोडणाऱ्यांचे मराठी मनाला जवळचे उदाहरण डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे. एक वैद्यकशास्त्रातील एम. डी., दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघांनी 1984 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्यांनी घेतलेला विषय मानसशास्त्र नव्हता. परंतु 39 गावांत घरोघरी नवजात बालसेवा देऊन नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटविल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात नवे औषध कोणतेही नव्हते. गावातल्या स्त्रीला जंतुदोष ओळखण्याचे व इंजेक्शन देण्याचे शिक्षण, अधिकार आणि पाठबळ देणे, हेच नवे होते. 2011 पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबविल्या जाणाऱ्या नवजात गृहभेटी या त्याच कामाचे फलित होत. तात्पर्य, विश्वासाची व जबाबदारीची नवी मांडणी हेही औषधच असते.

तथापि, दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खोटे नाही. दुर्गम भागातून डॉक्टर जाणे ही हानीच आहे, आणि प्रत्येक बदल ध्येयापोटी होतो असेही नव्हे. कित्येकदा ती सुटका असते. सततच्या कामाने येणारा थकवा, रुग्णांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच साधत नाही ही भावना या त्रिदोषाला ‘बर्नआउट’ म्हणतात. क्रिस्टिना मॅस्लाक यांनी 1981 मध्ये त्याच्या मोजणीची प्रश्नावली दिली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची गणना रोगांत न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. म्हणून क्षेत्र बदलू इच्छिणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे: प्रथम पुरेशी विश्रांती घ्या आणि मग स्वतःस विचारा. विश्रांतीनंतर रुग्ण तपासावासा वाटत असेल आणि तरीही यंत्रणेचे कोडे झोपू देत नसेल, तर अवश्य शिकावयास जा. केवळ ओपीडी नकोशी झाली असेल, तर नवी पदवीही दोन वर्षांत नकोशी होईल.

व्यवहाराचेही पाहावे. पूर्वी नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम. ए. करता येत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित अनेक अभ्यासक्रमांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले. म्हणजे आता वर्गात बसावे लागणार. मुंबई विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागासारखी ठिकाणे आहेत. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आपल्याला जवळचे, तेथेही मानसशास्त्र विभाग आहे. प्रवेशाच्या अटी व विषयांचे गट आधी विचारून घ्यावेत. या पदवीने मनोरुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, ते शिक्षण वेगळे, हेही ध्यानी ठेवावे. मिळकत काही काळ थांबेल. घरच्यांशी ते बोलून ठरवावे.

आणि येथेच आपल्या मंडळाचे कर्तव्य सुरू होते. जाणाऱ्याला दूषणे देऊन वाडीवरच्या बाळाचे काहीच भले होत नाही. ज्या दोन वर्षांत एखादा सहकारी शिकावयास जाईल, त्या काळात आपण आठ-दहा जणांनी महिन्यातून दोन-दोन दिवस वाटून घेऊन, शासकीय यंत्रणेच्या संमतीने, त्याच्या जागी ओपीडी चालवावी. त्या बदल्यात त्याने एकच शब्द द्यावा: प्रबंधाचा विषय जोयड्यातूनच निवडेन. आशा कार्यकर्ती शंका बोलून का दाखवीत नाही, गाडीचा चालक कोणाचे ऐकतो, नवीन परिचारिका वर्षभरात बदली का मागते, या प्रश्नांची उत्तरे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत मिळणार नाहीत. ती येथेच, गणेशगुडी, कुंभारवाडा, जगलबेटच्या केंद्रांत बसून शोधावी लागतील.

असे महिन्याचे दोन दिवस कोण देणार, याची यादी येत्या वार्षिक सभेतच करावयास घ्यावी, अशी माझी सूचना आहे. त्या यादीत पहिले नाव माझे धरावे.