छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातले निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. सुरुवातीला शरीर सावरायचं, मग समुपदेशन, गटचर्चा, योगासनं. घरी जाताना बहुतेकांना न्यायला बायको, आई किंवा भाऊ येतो. पण ज्याचं घर म्हणजे उड्डाणपुलाखालचा एक खांब, त्याने छत्तिसाव्या दिवशी जायचं कुठे? तो त्याच खांबाशी परततो. गुत्ता तिथून हाकेच्या अंतरावर असतो आणि जुने सोबतीही तिथेच बसलेले असतात.

गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लेखक अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली मुक्तांगण उभं राहिलं. व्यसन हा आजार आहे आणि त्याची झळ सगळ्या घराला बसते, हे तिथे पहिल्यापासून मानलं गेलं. म्हणून रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे नव्यांचा हात धरतात. पुन्हा घसरलेल्याला हाकलून न देता परत उभं केलं जातं. या सगळ्यात घरच्यांचा वाटा फार मोठा आहे. ज्याला घरच नाही, त्याच्यासाठी तो वाटा गावाने उचलायला हवा.

गाव मात्र त्याला ‘गर्दुल्ला’ म्हणून मोकळं होतं.

‘आधी दारू सोड, मग निवाऱ्यात ये,’ ही अट ऐकायला रास्त वाटते. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. हे सगळं फुटपाथवर एकट्याने सोसायचं आणि मग दार उघडणार! फिनलंडने २००८ पासून हा क्रम उलटा केला. आधी भाड्याचं कायम घर, मग व्यसनावरचे उपचार, आणि उपचार हे घर मिळण्याची अट नाहीत. दीर्घकाळ बेघर राहिलेल्यांची संख्या तिथे लक्षणीय घटली.

आपल्याकडे इतकी घरं लगेच मिळणार नाहीत, हे मान्य. निवारे मात्र देता येतात, आणि ते द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं आहे. दर लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा, बाराही महिने, चोवीस तास. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही नाही. त्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले होते, आणि पुलाखाली झोपणारा माणूस गणनेतून किती सहज सुटतो हे सांगायला नको.

उपचारांची स्थिती याहून बिकट. केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणाप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. ज्याच्याकडे आधार कार्ड नाही, दाखल करताना सही करायला नातेवाईक नाही, तो त्या एकात कुठून येणार?

म्हणून प्रत्येक निवाऱ्याला सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग जोडलेला हवा. तिथल्या कामावर व्यसनातून सावरलेल्या माणसाची पगारी नेमणूक हवी. रात्री दोन वाजता तलफ आलेल्याशी काय बोलायचं, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? आणि उपचार संपवून आलेल्यांसाठी त्याच निवाऱ्यात काही महिन्यांची हक्काची खाट हवी.

महापालिका आपल्या वॉर्डात असा निवारा काढू लागली, तर सोसायटीच्या लेटरहेडवर विरोधाचं पत्र पाठवू नका. दुकानात, गॅरेजमध्ये, खानावळीत एक जागा रिकामी असेल तर उपचार पूर्ण केलेल्याला ती द्या. आणि रोजच्या वाटेवरचा एखादा माणूस मदत मागू लागला, तर त्याच्या शेजारी उभं राहून फोन लावा. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन निःशुल्क आहे, क्रमांक १४४४६.