विश्लेषण : एकाच सुट्टीत अख्खा ऑस्ट्रेलिया का बघता येत नाही?

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या भारतीयांची संख्या आता वर्षाला चार लाखांच्या पुढे गेली आहे. त्यात मुलांना भेटायला जाणारे आई-वडील आहेत, तसेच निव्वळ फिरायला जाणारी कुटुंबेही आहेत. सिडनीचे ऑपेरा हाऊस, ग्रेट बॅरियर रीफ, वाळवंटातला उलुरू, मेलबर्नजवळचा ग्रेट ओशन रोड अशी यादी घेऊन बहुतेक जण बारा-चौदा दिवसांचा बेत आखतात. मात्र या यादीतल्या जागा एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर आहेत आणि प्रत्येकीचा हंगाम वेगळा आहे. त्यातच देशांतर्गत विमान कंपन्या कमी झाल्या आहेत आणि हवामानही बेभरवशाचे झाले आहे. त्यामुळे बेत चुकला तर लाखो रुपये खर्चूनही सुट्टीचा मोठा भाग विमानतळांवर किंवा हॉटेलच्या खोलीत जाऊ शकतो.

देश नेमका किती मोठा?

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास, आणि तीही प्रामुख्याने आग्नेय किनाऱ्यावर एकवटलेली. सिडनी ते पर्थ हे हवाई अंतर सुमारे ३,३०० किलोमीटर आहे. श्रीनगर ते तिरुवनंतपुरम त्याहून कमी भरते. सिडनीहून रीफसाठी केर्न्सला जायचे तर सुमारे दोन हजार किलोमीटर, विमानाने तीन तास. उलुरूला पोहोचायला सिडनीहून साडेतीन तास लागतात. ॲलिस स्प्रिंग्जला उतरले की उलुरू जवळच असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथून पुढे साडेचारशे किलोमीटर रस्ता आहे.

रेल्वेचा पर्याय आपल्याकडच्यासारखा नाही. ॲडलेड ते डार्विन धावणारी ‘द घान’ सुमारे २,९७९ किलोमीटरचे अंतर दोन दिवसांहून अधिक वेळात कापते, तर सिडनी-पर्थ ‘इंडियन पॅसिफिक’चा मार्ग ४,३५२ किलोमीटरचा आहे. या महागड्या पर्यटन गाड्या आहेत. तो प्रवास हीच सुट्टी मानली तर ठीक, एरवी विमानाला पर्याय नाही.

विमान प्रवासात काय बदलले?

देशांतर्गत उड्डाणे प्रामुख्याने दोन गटांच्या हाती आहेत : क्वांटास (तिची स्वस्त शाखा जेटस्टार धरून) आणि व्हर्जिन ऑस्ट्रेलिया. स्पर्धा वाढवण्याचे प्रयत्न अलीकडे दोनदा फसले. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘बोन्झा’ या स्वस्त विमान कंपनीची सगळी विमाने एप्रिल २०२४ मध्ये अचानक जमिनीवर आली आणि हजारो प्रवासी अडकले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘रेक्स’ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन अशा मोठ्या शहरांमधली तिची जेट सेवा थांबली. त्यानंतर प्रमुख शहरांमधील भाडी वाढल्याचे तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने नोंदवले.

प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पाच ठिकाणांचा दौरा म्हणजे किमान चार देशांतर्गत उड्डाणे आणि ती कमी स्पर्धेच्या बाजारात घ्यायची. प्रत्येक उड्डाणामागे हॉटेल सोडणे, विमानतळ गाठणे, सामान, नव्या ठिकाणी पोहोचणे यात किमान अर्धा दिवस जातो. चौदा दिवसांतले दोन दिवस भारतातून जाण्यायेण्यात आणि दोन ते तीन दिवस अशा बदल्यांत गेले, तर हाती उरतात नऊ-दहा. म्हणून एका दौऱ्यात दोन, फार तर तीन भाग निवडणे हाच व्यवहार्य हिशेब ठरतो. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून मायदेशी परतण्याचे तिकीट काढले, तर उलटा फेराही वाचतो.

मे की दिवाळी?

महाराष्ट्रातील कुटुंबांना लांबची सुट्टी मिळते ती साधारण एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, नाहीतर दिवाळीत. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे असतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण उत्तर आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे ऋतूही सारखे नसतात, हे अनेकदा ध्यानात येत नाही. दक्षिणेत आपल्या ओळखीचे उन्हाळा-हिवाळा असे चक्र आहे. उत्तरेकडे मात्र दोनच हंगाम महत्त्वाचे : साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळी आणि मे ते ऑक्टोबर कोरडा.

त्यामुळे मे महिना उत्तर आणि मध्य भागासाठी उत्तम. उलुरूला दिवसा तापमान वीस-पंचवीस अंशांच्या घरात असते, रात्री मात्र चांगलीच थंडी पडते. काकडू राष्ट्रीय उद्यानातले पुराने बंद झालेले रस्ते हळूहळू खुले होऊ लागतात. केर्न्समध्ये उकाडा ओसरलेला असतो. याच महिन्यात मेलबर्नला गेल्यास गारठा, ढगाळ हवा आणि लवकर मावळणारा दिवस भेटतो. शहर बघायला हरकत नाही, समुद्रात डुंबण्याचा विचार सोडावा.

दिवाळीत गणित उलटते. सिडनी, मेलबर्न आणि ग्रेट ओशन रोडसाठी तो वसंत ऋतू. उत्तरेत मात्र पावसाआधीची घामट उष्णता सुरू झालेली असते. नोव्हेंबरपासून साधारण मेपर्यंत उष्णकटिबंधीय किनाऱ्यालगत विषारी जेलीफिशचा धोका असतो. त्यासाठी अंगभर पोशाख घालूनच पाण्यात उतरण्याचा सल्ला दिला जातो.

नाताळ-जानेवारीत तिथल्या शाळांना उन्हाळी सुट्टी असते. हॉटेले आणि विमाने सर्वाधिक महाग असतात ती तेव्हाच. मध्य भागात पारा चाळिशी ओलांडतो. उलुरूशेजारच्या काटा ट्युटा येथील मोठी पायवाट ३६ अंश किंवा अधिक तापमानाचा अंदाज असल्यास पुढच्या भागात बंद केली जाते.

हवामान किती बेभरवशाचे?

२०१९-२० च्या वणव्यांत ३३ जणांचा थेट बळी गेला आणि तीन हजारांवर घरे जळाली. ऐन सुट्टीच्या दिवसांत किनारपट्टीवरच्या गावांतून पर्यटकांना हलवावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जॅस्पर’ चक्रीवादळानंतरच्या पुरात केर्न्सचा विमानतळ पाण्याखाली गेला. मार्च २०२५ मध्ये ‘आल्फ्रेड’ चक्रीवादळ ब्रिस्बेनच्या दारात येऊन ठेपले. म्हणून पावसाळी महिन्यांत उत्तरेकडे जायचे असल्यास रद्द करता येणारी आरक्षणे आणि नैसर्गिक आपत्तीचा समावेश असलेला प्रवास विमा ही चैन राहिलेली नाही. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशी केर्न्स किंवा उलुरूहून निघण्याचा बेत तर टाळलेलाच बरा.

रीफ आणि उलुरू आता पूर्वीसारखे आहेत का?

सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या ग्रेट बॅरियर रीफवर २०१६ पासून २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ अशी सहा वेळा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत रीफच्या उत्तर आणि दक्षिण भागांत प्रवाळाच्या आच्छादनात नोंदी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी वार्षिक घट आढळली. याचा अर्थ रीफ संपली असा नाही. नुकसान सगळीकडे सारखे नाही आणि अनेक ठिकाणी मासे व प्रवाळ आजही भरपूर दिसतात. पण माहितीपत्रकातल्या रंगीबेरंगी छायाचित्रासारखेच दृश्य प्रत्येक डुबकीत दिसेल, ही अपेक्षा ठेवू नये. पर्यटक बोटींच्या तिकिटासोबत आकारले जाणारे पर्यावरण शुल्क सागरी उद्यानाच्या व्यवस्थापनासाठी वापरले जाते.

उलुरूवर चढण्यास २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमची बंदी आहे. ही भूमी अनंगू या आदिवासी समाजाला परत दिल्याची ती ३४ वी वर्षपूर्ती होती. त्यांच्या दृष्टीने हा खडक पवित्र आहे. पायथ्याभोवतीची सुमारे दहा किलोमीटरची पायवाट, सूर्योदय आणि स्थानिकांसोबतची भटकंती यासाठी दोन-तीन दिवस सहज लागतात. एका दिवसात धावती भेट देण्याइतकी ती जागा जवळही नाही.

भारतीय पर्यटकांनी सर्वाधिक जपायचे कशाला?

समुद्राला. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर एकाच वेळी चार भारतीय वंशाच्या व्यक्तींचा बुडून मृत्यू झाला. त्या किनाऱ्यावर जीवरक्षक तैनात नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या अनेक किनाऱ्यांवर समुद्राकडे वेगाने खेचणारे प्रवाह असतात. वरून पाणी शांत दिसते, त्यामुळे अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहावे, हा तिथला साधा नियम आहे. झेंडे नसतील तर पाण्यात उतरू नये. उत्तरेतल्या नद्या आणि खाड्यांमध्ये मगरी असतात. तिथल्या इशाऱ्याच्या पाट्या शोभेच्या नसतात.

गाडी डाव्या बाजूने चालवायची असल्याने भारतीयांना ऑस्ट्रेलियातले रस्ते सोपे वाटतात. पण दुर्गम भागात शेकडो किलोमीटर मोबाइलला रेंज नसते, पेट्रोल पंप लांब असतात आणि संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीचा विमा तिथे रात्री लागू आहे का, हे करार करतानाच विचारावे.

तयारी कुठून सुरू करावी?

आधी महिना, मग दोन भाग, मग तिकिटे, हा क्रम सोयीचा. मे असेल तर सिडनी, उलुरू आणि केर्न्स; दिवाळी असेल तर सिडनी, मेलबर्न आणि जमल्यास टास्मानिया. भारतीय पारपत्रधारकांना झटपट मिळणारी इलेक्ट्रॉनिक परवानगी उपलब्ध नाही. पर्यटक व्हिसासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. म्हणून रद्द न होणारे काहीही व्हिसाआधी घेऊ नये. सामानातले खाद्यपदार्थ उतरताना भरायच्या फॉर्मवर जाहीर करावे लागतात. दुधाची मिठाई, बिया, घरगुती पदार्थ लपवल्यास दंड होतो, प्रसंगी व्हिसाही रद्द होऊ शकतो. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो.

मेलबर्न किंवा सिडनीत मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्यांना तर घाईचे कारणच नाही. मुलांचे घर हा मुक्काम धरून एकदा रीफ, एकदा उलुरू असे दोन छोटे प्रवास, तेही तिथल्या शालेय सुट्ट्या टाळून केले, तर खर्च आणि दमणूक दोन्ही आटोक्यात राहतात. बाकीच्यांच्या हाती दिवस मोजके असतात. त्यांनी यादीतली दोन नावे खोडली, तर उरलेली ठिकाणे निवांत बघून होतील.