कन्फेशनमध्ये सांगितलं, पुढे काय?

वसईतल्या अनेक कॅथलिक घरांत मन खचलं की डॉक्टरांआधी फादर आठवतात. पण कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. घरच्यांनाही नाही, डॉक्टरांनाही नाही. म्हणूनच ‘बाहेर भेटून बोलूया’ असं त्यांनी सुचवायला हवं आणि तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवं. प्रार्थना सुरू राहू दे, गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत.

जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारणारा नियम १९१७च्या धर्मसंहितेत होता. १९८३च्या संहितेत तो राहिला नाही. शेजारपाजारची कुजबुज मात्र राहिली. त्यावर फादरांनी वेदीवरूनच बोलायला हवं. रविवारच्या मिस्सात लग्नांच्या सूचना वाचतात, तिथेच ‘टेली-मानस’चा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांकही वाचता येईल.