झे. सोलकर

मृत्यूच्या बातमीला आपल्याकडे एक शब्द हमखास चिकटवतात. तो शब्द म्हणजे ‘अकाली’. एकनाथ सोलकर २६ जून २००५ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने गेला, तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. त्याच्याविषयी जे काही माझ्या वाचनात आले त्यात हा शब्द कुठे ना कुठे भेटलाच. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचे चालवीत. ते ५४ व्या वर्षी गेले. त्यांना कोणी ‘अकाली’ म्हटले नाही. चाळीत म्हणाले, ‘सुटला बिचारा.’

म्हणजे अकाली जाण्यासाठीसुद्धा आधी काहीतरी असावे लागते, अशी माझी लहानपणापासून समजूत झाली. ती सोडवायला मला सोलकरच उपयोगी पडला, म्हणून हा लेखनप्रपंच. त्याला मी ‘तो’ म्हणते आहे, याची क्षमा असावी. वयाने तो माझ्या आजोबांच्या बरोबरीचा, आणि तो गेल्यानंतर माझा जन्म. पण आमच्या घरी त्याचे नाव नेहमी ‘आपला एक्की’ असेच निघाले. घरच्या माणसाला अहोजाहो कोण करतो?

आमच्या घरी हे नाव आले ते आजीकडून. आजीला क्रिकेटमधले ओ की ठो कळत नाही. पण एक संध्याकाळ तिला पक्की आठवते. ऑगस्ट १९७१. गणपतीचा आदला दिवस. दादर पूर्वेच्या आमच्या चाळीत मखराला रंगीत कागद चिकटवणे चालू होते आणि सगळी पुरुषमंडळी खळीचे हात तसेच ठेवून एका खोलीच्या दाराशी जमली होती, कारण रेडिओ तिथे होता. समालोचन इंग्रजीत. खोलीतले कारकून ऐकायचे आणि दोन वाक्यांत मराठी करून सांगायचे. मग बाहेरचे लोक ओरडायचे. म्हणजे चाळीत आनंद थोडा उशिरा पोचायचा. एकदा मात्र कारकून मराठी करायचे विसरले आणि स्वतःच उभे राहून ओरडले. आजीने विचारले, काय झाले? आजोबा म्हणाले, ‘एक्कीने जमिनीवरनं उचलला.’ कोणाला, काय, तिला आजही सांगता येत नाही.

मला सांगता येते, कारण मी धावफलक शोधून काढला. ओव्हलची कसोटी, इंग्लंडचा दुसरा डाव. पहिल्या डावात ९० धावा काढणारा ॲलन नॉट फलंदाजीला. त्याच्या नावापुढे लिहिले आहे: झे. सोलकर गो. वेंकटराघवन १. फॉरवर्ड शॉर्टलेगला उभ्या असलेल्या सोलकरने पुढे सूर मारून, आडवा होऊन, जमिनीलगत तो झेल घेतला. त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. इंग्लंड १०१ धावांत संपले, चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, गणेशचतुर्थीला भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यात मैदानावर बेला नावाची हत्तीण आणली होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. सोलकरने पहिल्या डावात २८ धावांत ३ बळी घेतले होते आणि फलंदाजीत ४४ धावा केल्या होत्या, हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. हत्तीण लक्षात राहते. असो.

वाचकहो, ‘झे. सोलकर गो. वेंकटराघवन’ ही ओळ जरा नीट पाहा. सुरुवातीला बाद झालेल्याचे नाव, शेवटी त्याच्या धावा, आणि बळी जमा होतो तो गोलंदाजाच्या खात्यात. झेल घेणारा मधे, ‘झे.’ या अर्ध्या शब्दाच्या मागे. डाव संपल्यावर फलंदाजांची बेरीज होते, गोलंदाजांचे पृथक्करण छापतात. झेलांची बेरीज धावफलकाखाली छापलेली मी तरी पाहिली नाही. ती ज्याची त्याने करायची. सोलकरची बेरीज अशी: २७ कसोटी, ५३ झेल. सामन्याला जवळजवळ दोन. राहुल द्रविडने १६४ कसोटींत २१० झेल घेतले, म्हणजे सामन्याला सव्वाच्या आसपास. आणि द्रविड हा काही साधासुधा क्षेत्ररक्षक नव्हे. २० हून अधिक कसोटी खेळलेल्यांत, यष्टिरक्षक सोडले तर, सोलकरचे हे प्रमाण सर्वांत वरचे म्हणून सांगितले जाते. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या एकाच कसोटीत त्याने सहा झेल घेतले. १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध पाच कसोटींत बारा.

हे सगळे झेल म्हणजे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकट यांच्या फिरकीतला अर्धा वाटा, असे माझे मत आहे. फिरकी गोलंदाज फलंदाजाला फसवतो खरा, पण फसलेला फलंदाज काही आपण होऊन परत जात नाही. बॅटची कड आणि पॅड यांना लागून वीतभर उडालेला चेंडू कोणीतरी उचलावा लागतो. तिथे उभे राहायचे म्हणजे बॅटपासून दोन-तीन पावलांवर ओणवे व्हायचे आणि फलंदाजाने जोरात झाडू मारला तरी डोळा मिटायचा नाही. त्या काळी क्षेत्ररक्षकाला हेल्मेट नव्हते.

हे काय असते ते ज्यांना अतिशयोक्ती वाटेल त्यांनी रमण लांबाची हकीकत आठवावी. फेब्रुवारी १९९८, ढाक्यातला क्लबाचा सामना. लांबा भारताकडून कसोटी खेळलेला, अनुभवी. षटकाचे थोडेच चेंडू राहिले होते, म्हणून हेल्मेट न घालता तो फॉरवर्ड शॉर्टलेगला उभा राहिला. फटका कपाळावर बसला आणि चेंडू उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. फलंदाज बाद. तीन दिवसांनी लांबा गेला. ३८ वर्षांचा होता. धावफलकात तो झेल यष्टिरक्षकाच्या नावावर आहे. लांबाला त्या ओळीत ‘झे.’ एवढीसुद्धा जागा मिळाली नाही.

आता मी माझ्या रागाकडे वळते. सोलकरवर लिहिणारे सगळे एका वाक्याने सुरुवात करतात: तो माळ्याचा मुलगा होता. गोष्ट खरी आहे. त्याचे वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्याचे मुख्य माळी; कुटुंब मैदानाच्या कडेलाच एका खोलीत राहायचे; लहानपणी एकनाथ तिथल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलायचा. पण हे वाक्य ज्या सुरात लिहितात तो सूर मला सहन होत नाही. जणू माळ्याच्या घरात जन्मणे ही एक खड्ड्यात पडण्यासारखी गोष्ट आणि त्यातून हा बिचारा कसाबसा वर आला!

माझे बाबा माळी आहेत. दादरमधल्या एका मैदानावर, गेली सव्वीस वर्षे. पहाटे साडेपाचला जातात. रोलर फिरवणे, पाणी मारणे, फक्कीच्या रेषा ओढणे, सामन्यानंतर खेळपट्टीची भगदाडे बुजवणे, हे त्यांचे काम. बाबा आठवीपर्यंत शिकले, आई सहावीपर्यंत. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली मी पहिली. पण खेळपट्टीवर अनवाणी चार पावले चालून ‘आज चेंडू दुपारपर्यंत खाली राहील, मग अंगावर येईल’ असे बाबा सांगतात तेव्हा तसेच होते. हे कुठल्या पुस्तकात आहे? टाय लावलेले प्रशिक्षक त्यांना बाजूला घेऊन विचारतात आणि मग संघाला स्वतःचे म्हणून सांगतात, हे मी पाहिले आहे.

म्हणून माझी खात्री आहे, आणि ती केवळ माझी समजूत म्हणून वाचावी, की सोलकर माळ्याचा मुलगा ‘असूनही’ तसा क्षेत्ररक्षक झाला नाही. माळ्याचा मुलगा असल्यामुळेच झाला. ज्याने रोलर फिरलेला आणि गवत कापलेले रोज पाहिले, त्याला चेंडू कुठे पडून किती उठेल हे विचार न करता कळत असणार. आणि जो दुसऱ्यांच्या धावा फळीवर टांगत मोठा झाला, त्याला दुसऱ्याच्या बळीच्या ओळीत मधे उभे राहायची लाज वाटली नसणार.

एक गोष्ट सगळे सांगतात. रणजी करंडकाचा अंतिम सामना चालू असताना त्याचे वडील गेले. अंत्यसंस्कार उरकून तो मुंबईसाठी पुन्हा मैदानात उतरला. याला लोक असामान्य धैर्य म्हणतात. असेलही. पण आजोबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबासुद्धा मैदानावर होते. रविवारचा सामना होता, आणि सुतकात आहे म्हणून खेळपट्टी कोणी दुसऱ्याने केली नसती. खाडा धरला असता तो वेगळाच. बाबांना कोणी धैर्यवान म्हटले नाही. मला वाटते सोलकरला त्या दिवशी धैर्यापेक्षा सवय उपयोगी पडली असेल. ती सवय कोणाची, ते उघड आहे.

फलंदाज म्हणूनही त्याला लोक तळाचा समजतात. तेही बरोबर नाही. १९७१ मध्ये किंग्स्टनला भारताची अवस्था ५ बाद ७५. दिलीप सरदेसाईने २१२ धावा केल्या, हे आपण कौतुकाने सांगतो आणि सांगायलाच हवे. पण समोर ६१ धावा करीत सोलकर उभा होता आणि दोघांनी १३७ धावा जोडल्या. पुढे बार्बाडोसला ६ बाद ७०. पुन्हा हेच दोघे, १८६ धावांची भागी, सोलकर ६५. वानखेडे स्टेडियमवरच्या पहिल्याच कसोटीत, जानेवारी १९७५ मध्ये, वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने १०२ धावा केल्या. ते त्याचे एकमेव कसोटी शतक. आणि जानेवारी १९७७ मध्ये कलकत्त्याला त्याची शेवटची कसोटी झाली, तेव्हा त्याला एकोणतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ‘अकाली’ हा शब्द वापरायचाच तर मी तो इथे वापरीन. २००५ च्या बातमीत तो वापरून आपण अठ्ठावीस वर्षे उशीर केला.

मी हे का लिहिते आहे ते सांगते. मी आपल्या महाविद्यालयाच्या मुलींच्या संघात आहे. फलंदाजी बेताची, गोलंदाजी नाहीच. चाळीत मुलगे मला खेळायला घ्यायचे ते एका अटीवर: बॅटजवळ उभी राहा. तिथे कोणालाच उभे राहायचे नसायचे. डाव्या भुवईवर चार टाके आहेत, ते त्यातलेच. आता तीच माझी जागा आहे. या मोसमात मी नऊ झेल घेतले. जिमखान्याचा वार्षिक अहवाल याच अंकात पुढे कुठेतरी असेल. गेल्या वर्षीचा मी पाहिला. त्यात धावा होत्या, बळी होते, पदक मिळवणाऱ्या दोघींची छायाचित्रे होती. झेल नव्हते. यंदा संपादकांना विचारले, तर ते म्हणाले, तशी पद्धत नाही. मी म्हटले, अर्धी ओळ लागेल. ते हसले. (हे वाक्य त्यांनी छापले तर त्यांचे आभार.)

नऊ झेलांसाठी मी रुसले आहे असे कोणी म्हटले तर म्हणू देत. थोडी रुसले आहेच. पण ही नुसती माझी गोष्ट नाही. आमच्या यष्टिरक्षक मुलीचीही आहे, आणि आम्हांला नेट लावून देणाऱ्या शिपाईमामांचीही. आजोबांच्या खात्यावरसुद्धा कापडाच्या वारांची बेरीज कुठेतरी झालीच असेल. ती त्यांच्या नावावर नव्हती.

हा लेख लिहून झाल्यावर रात्री बाबांना वाचून दाखवला. जेवण झाले होते, ते पाय चोळत बसले होते. स्वतःबद्दलचा मजकूर आला तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि काही बोलले नाहीत. नॉटच्या झेलाचे छायाचित्र मात्र मोबाइलवर बराच वेळ मोठे करकरून पाहिले. मग म्हणाले, ‘शॉर्टलेगला कोण उभं होतं ते मला मॅच संपल्यावर जमीन बघून कळतं. बुटाचे ठसे असतात ना. चवड्याचा खोल असला तर पोरगं चांगलं. टाचेचा खोल असला तर ते घाबरून मागे रेललेलं.’

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर सगळ्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी एकटी मागे राहिले आणि माझ्या जागेवर वाकून पाहिले. डाव्या पायाचा चवडा खोल होता. उजवी टाचसुद्धा.

— द्वितीय वर्ष कला