धंदा आवडीचा की नाइलाजाचा?

२०२४ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली, तेव्हा १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. सोळाशे मीटर धावून, गोळा फेकून, लेखी देऊन जे रिकाम्या हाताने घरी परततात, त्यांची बातमी होत नाही. काही जण पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पुन्हा खुर्ची धरतात. वयोमर्यादा उलटली की घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘आता एखादी गाडी टाक.’ मग गाडी टाकली जाते. चहाची, वडापावची, मोबाइलच्या कव्हरांची. त्या दिवसापासून सरकारी हिशेबात तो बेरोजगार राहत नाही. पाहणीच्या तक्त्यात तो स्वयंरोजगारित होतो आणि मंत्र्यांच्या भाषणात उद्योजक.

केंद्राच्या श्रमबल पाहणीत हा प्रवास स्पष्ट दिसतो. १५ ते २९ वयोगटातली बेरोजगारी २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होती, ती २०२३-२४ मध्ये १०.२ टक्क्यांवर आली. चांगलीच गोष्ट. पण याच काळात एकूण काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारितांचा वाटा ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला आणि नियमित पगारदारांचा २२.८ वरून २१.७ वर घसरला. स्वयंरोजगारितांत घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारेही मोजले जातात. एकूण काम करणाऱ्यांत त्यांचा हिस्सा जवळजवळ पाचवा आहे. बापाच्या किराणा दुकानात पुड्या बांधणारा पदवीधर मुलगा या हिशेबात कामाला लागलेला असतो.

शेतीबाहेरच्या छोट्या, नोंदणीकृत कंपनी नसलेल्या उद्योगांचं चित्रही असंच आहे. २०२३-२४ च्या पाहणीत असे ७.३४ कोटी उद्योग आढळले आणि त्यांत काम करणारे सुमारे बारा कोटी. म्हणजे एका उद्योगामागे सरासरी दोन माणसंही नाहीत. बहुतेक ठिकाणी मालक, नोकर, हमाल आणि वसुलीवाला एकच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. श्रीलंकेत दे मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ या अर्थतज्ज्ञांनी एकट्याने धंदा करणाऱ्यांची तुलना एकीकडे पगारदारांशी आणि दुसरीकडे माणसं कामाला ठेवणाऱ्या मालकांशी केली. घरची पार्श्वभूमी, क्षमता, महत्त्वाकांक्षा, जोखमीची तयारी असं सगळं तपासलं. सुमारे सत्तर टक्के लोक स्वभावाने पगारदारांच्या जवळचे निघाले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचंही निरीक्षण असंच आहे. गरीब आईबापांना मुलांनी पुढे काय व्हावं असं विचारलं, तर सरकारी नोकरी हेच उत्तर बहुतेकदा मिळतं, धंदा क्वचित. आपल्याकडे त्यासाठी पाहणीचीही गरज नाही. स्थळ बघायला आलेल्या माणसांनी ‘मुलगा काय करतो?’ विचारल्यावर ‘स्वतःचा व्यवसाय आहे’ हे उत्तर ऐकून त्यांचे चेहरे कसे होतात, ते पुरेसं आहे.

बेकारी वाढली की पोरं आपोआप धंद्याला लागतील, हाही एक लाडका समज. दक्षिण आफ्रिकेत तरुणांची बेकारी जगातल्या सर्वाधिक बेकारींपैकी आहे, तरी तिथे टपऱ्या-गाड्यांचं क्षेत्र भारताच्या तुलनेत अगदी लहान. वर्णभेदाच्या राजवटीने कृष्णवर्णीयांना शहरात धंदाच करू दिला नाही, त्यांच्या वस्त्या गावाबाहेर लांब टाकल्या. पुढे मोठ्या सुपरमार्केटांनी उरलेली जागा व्यापली. नाइलाजाच्या धंद्यालाही गिऱ्हाईक, जागा आणि ओळखीपाळखी लागतात.

नाइलाजाने सुरू झालेला धंदा चालतच नाही, असंही नाही. उत्तर युगांडात २००८ मध्ये सरकारने तरुणांच्या गटांना माणशी सुमारे ३८० डॉलर दिले. कर्ज नव्हे, अनुदान. अट एकच, कोणतं कौशल्य शिकणार आणि कोणती हत्यारं घेणार ते गटाने आधी लिहून द्यायचं. कुणी शिवणकाम शिकलं, कुणी सुतारकाम. चार वर्षांनी त्यांची कमाई पैसे न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. नऊ वर्षांनी मात्र कमाईतला फरक जवळपास संपला, कारण पैसे न मिळालेलेही धडपडत तिथवर पोचले होते. कारखान्याची नोकरी हाही हुकमी उपाय नाही. इथिओपियात अशी नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी ती वर्षभरात सोडली. पगार तुटपुंजा आणि काम तब्येतीला घातक होतं. तरुणांना नोकरी हवी असते म्हणजे कुठलीही नोकरी हवी असते, असं समजू नये.

आपला सगळा भर कर्जावर. मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली आणि दहा वर्षांत ५२ कोटींहून अधिक कर्जं मंजूर झाली. पहिल्या वर्षी सरासरी कर्ज चाळीस हजारांच्या आत होतं. तेवढ्यात हातगाडी, शेगडी, पातेली, पहिल्या आठवड्याचा माल येतो. बिघडलेला महिना काढायला काही उरत नाही. राज्यात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे. यांपैकी काहीही वाईट नाही. फक्त प्रकल्प अहवाल, कोटेशन आणि सिबिल बघून कर्ज देणारा साहेब एक प्रश्न कधी विचारत नाही. याच रस्त्यावर आधीच पाच अमृततुल्य असताना सहावं कशासाठी? ज्याला दुसरं काही शिकायला मिळालेलं नाही, तो शेजाऱ्याचंच बघून करणार.

गाडीवाल्याची खरी धास्ती वेगळीच असते. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की दिवसाची कमाई आणि भांडवल दोन्ही जातं. ट्युनिशियात सिदी बूझिद गावी १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुआझिझी या भाजीवाल्याचा वजनकाटा पालिकेने जप्त केला, त्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. आपल्याकडे फेरीवाला कायदा २०१४ मध्ये झाला. सर्वेक्षण, ओळखपत्र, ठरलेली जागा, सगळं त्यात आहे. अनेक शहरांत ते अजून कागदावरच आहे. नाइलाजाने गाडी टाकणाऱ्याला आणखी एका कर्जमेळाव्यापेक्षा ही ठरलेली जागा जास्त उपयोगी पडेल. ज्याला खरोखर माणसं कामाला ठेवून धंदा वाढवायचा आहे, त्याची गरज निराळी. त्याला मोठं भांडवल, ऑर्डरी आणि वेळेवर बिलं हवीत. दोघांना एकाच योजनेत कोंबलं की दोघांचंही भागत नाही.

म्हणून आधी कोण कोणता ते कळायला हवं. ‘ग्लोबल आंत्रप्रेन्योरशिप मॉनिटर’ ही जागतिक पाहणी नव्या उद्योजकांना कारण विचारते, आणि ‘नोकऱ्या दुर्मिळ आहेत म्हणून’ असं सांगणारे भारतात मोठ्या संख्येने आहेत. २०२५ पासून आपल्या श्रमबल पाहणीचे आकडे दर महिन्याला येऊ लागले आहेत. त्या प्रश्नावलीत सांख्यिकी मंत्रालयाने स्वयंरोजगारितांसाठी एकच ओळ वाढवावी: याच कमाईची कायम नोकरी उद्या मिळाली, तर हा धंदा बंद कराल का?